बांधलेले घोटे

सरांचं एकच शास्त्र होतं, ते म्हणजे पाय. हात काय, हात तर बुडणारा माणूसही मारतो, असं ते म्हणत आणि तलावावर नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला पहिला महिनाभर फळी धरून नुसते पाय मारायला लावत. तरुणपणी ते पन्नास मीटरचे विजेते होते. पन्नास मीटर म्हणजे एका दमात उरकणारं काम, पण त्या एका दमावर त्यांनी पुढे सगळी हयात तोंड चालवलं. ज्याच्या पायांमागे फेस उठत नाही त्याला ते पोहणारा मानतच नसत. 'वल्हेवाला' म्हणून त्याला मोडीत काढत. आणि नशिबाची थट्टा बघा, वल्हेवाली नेमकी त्यांच्याच घरात जन्माला आली.

मुलगी लांब पल्ल्याची. पंधराशे मीटर पोहायची ती, एका लयीत, कुठेही घाई नाही. पाय मात्र मागून सावकाश येत, एका हाताला एक ठोका, तोही मनात आलं तर. "पंजे ताण," सर काठावरून ओरडत. "घोटा सरळ कर. पाय आहेत की खुंट्या?" सगळ्या तलावाला ऐकू जाईल असं बोलायचं, ही त्यांची शिकवण्याची पद्धत. पोरगी लहान होती तेव्हापासून हे चाललं होतं.

त्या वर्षी जलतरण महासंघाने पाण्याखालचा कॅमेरा देऊन एक बाई पाठवल्या. पोहताना शरीर कसं हलतं, त्याचं गणित मांडणं हे त्यांचं काम. चित्रण बघून त्या म्हणाल्या, "लांबच्या शर्यतीत पाय ढकलतात थोडं आणि दम खातात फार. मांडीचे स्नायू मोठे, त्यांची भूकही मोठी. कंबर वर राहावी, तोल जाऊ नये, एवढ्यापुरते हलले तरी पुष्कळ. तुमचं म्हणणं पन्नास मीटरला बरोबर आहे, सर."

सरांनी नाक मुरडलं. "बाई, तुम्ही पाण्यात उतरता का कधी? की पडद्यावरच पोहता?"

"रोज पोहते."

"मग पाय किती मारता?"

"लागतील तेवढे."

पोरं खुदकन हसली आणि ते सरांना फार झोंबलं.

राज्य स्पर्धेला क्लबातून पंधराशेसाठी एकच नाव जायचं होतं. ते ठरवणार सर, आणि वयाच्या अटीमुळे मुलीची ही शेवटची संधी. सरांच्या मनात दुसरीच होती. दातांच्या डॉक्टरांची मुलगी, जिला सगळे पंखा म्हणत. ती पाय मारायला लागली की शेजारून पोहणाऱ्यांच्या नाकातोंडात पाणी जाई आणि सरांचा ऊर भरून येई. दोघींची शर्यत लावून निवड करा, असं बाईंनी सुचवलं. सरांनी मान डोलावली. ते इतक्या सहज कबूल झाले तेव्हाच काहीतरी शिजतंय हे ओळखायला हवं होतं.

शर्यतीच्या दिवशी त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी काढली आणि सगळ्यांसमोर मुलीचे घोटे एकत्र बांधायला घेतले. "पाय लागत नाहीत ना? मग पायांविना पोहू दे. चार फेऱ्यांत तळाला बसेल, आणि गणितही."

बाई पुढे आल्या. "हा अन्याय आहे, सर."

मुलीने त्यांना हातानेच थांबवलं. "निवड याच शर्यतीवर होणार ना?" तिने विचारलं.

"याच."

"मग घट्ट बांधा."

सुरुवातीला तिचे पाय खाली ओढले गेले, कंबर बुडाली आणि अंग तिरकं झालं. सर लोकांकडे वळून हसले. मग तिने डोकं खाली घेतलं, छाती पाण्यावर रेलली आणि कंबर हळूहळू वर आली. पंखा तोवर फेस उडवत जवळजवळ एक फेरी पुढे निघून गेली होती. पण निम्म्यानंतर फेस विरळ झाला. गुडघे वाकायला लागले, ठोके नुसते आपटायला लागले. "पाय, पाय," सर ओरडले. बिचारी आज्ञाधारक, होतं नव्हतं ते पायांत ओतून बसली आणि खांदे हलवायलाही तिच्यात त्राण उरलं नाही. शेवटच्या काही फेऱ्यांत बांधलेली पोरगी तिच्या बाजूने शांतपणे पुढे गेली. सर तरीही "पाय, पाय" ओरडत होते, कोणाला ते त्यांनाच ठाऊक.

मुलगी काठावर येऊन बसली. भिजलेल्या रबराची गाठ पक्की आवळली होती. ज्याने बांधली त्यानेच सोडायची, म्हणून सरांना तिच्या पायांशी उकिडवं बसावं लागलं. गाठीशी झटताना त्यांनी सवयीने तिचा पंजा खाली दाबला. तो गेला नाही. त्यांनी जोर लावला, तरी नाही. दुसराही तसाच. घोटा तिथपर्यंतच वळत होता. असला पाय पाणी मागे ढकलत नाही, उलट पुढून अडवतो, हे सरांना काही शिकवायला नको होतं. म्हणजे इतकी वर्षं ते ओरडून ओरडून ब्रेक दाबायला सांगत होते, आणि आज खोड जिरवायला म्हणून पाय बांधून त्यांनीच तो काढून टाकला होता. त्या पायाला हात लावून बघायचं मात्र त्यांना एकदाही सुचलं नव्हतं.

"दुखतं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही. तेवढाच वळतो तो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, नाटकं करू नकोस."

गाठ सुटली. सर उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पंधराशेला हीच जाईल." तिथेच थांबले असते तर शोभलं असतं. पण जित्याची खोड, लगेच आवाज खाली करून म्हणाले, "उद्यापासून तुझ्या घोट्यांवर काम सुरू करू. माझ्याकडे एक पद्धत आहे."

मुलीने टॉवेल खांद्यावर घेतला. "मी जाईन. पण उद्यापासून माझा सराव बाई घेतील. मी कालच विचारून ठेवलंय." आवाजात राग नव्हता, आणि सरांना लागलं ते तेच. त्यांनी सुटलेली पट्टी गुंडाळली आणि खिशात घातली.

पंखा अजून काठाजवळ, मार्गिकेच्या दोरीला लटकून धापा टाकत होती. मुलीने खाली वाकून तिला हात दिला आणि वर ओढून घेतलं. "तूही चल," ती म्हणाली. पंख्याने एकदा सरांकडे बघितलं, आणि मग तिच्यापाठोपाठ गेली.