शांततेत पार पडलेली सभा

सभा भरवणं हा तिचा धंदा होता आणि त्यात तिचा हात धरणारं शहरात कुणी नव्हतं. परिषद असो, भागधारकांची वार्षिक सभा असो की डॉक्टरांच्या संघटनेचं अधिवेशन, बोलावणं तिलाच यायचं. सभागृहात पाऊल टाकताच तिला कळायचं, की मागच्या ओळीला आवाज पोचणार नाही, किंवा चहा दाराजवळ मांडला तर पहिलं भाषण पाण्यात जाईल. हाताखालच्या मुलींना ती सांगायची, "सभा भाषणांवर चालत नाही गं, मांडणीवर चालते. खुर्ची कुठे ठेवलीय ते सांगा, त्यावरचा माणूस कसा वागेल ते मी सांगते."

काचेच्या कारखान्याच्या संचालकांनी तिला बोलावलं, तेव्हा आधी उठून दार लावून घेतलं. कारखाना बंद करायचं ठरलं होतं. ते कामगारांना एकाच सभेत सांगायचं होतं आणि आरडाओरडा नको होता.

"तुमचे बंधू आमच्याकडे भट्टीवर आहेत, ते मला ठाऊक आहे," संचालक म्हणाले. "जमणार नसेल तर आत्ताच सांगा. जमणार असेल, तर बातमी या खोलीबाहेर जाता कामा नये."

आपण नाही म्हटलं तरी सभा व्हायची थांबणार नाही, दुसरं कुणीतरी ती घेईल आणि विचका करेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. निदान आपल्या हातून माणसांचा अपमान तरी होणार नाही.

"जमेल," ती म्हणाली.

मग ती कामाला लागली. दारातच बसायचे क्रमांक द्यायचे, म्हणजे एका खात्याची माणसं एका जागी जमत नाहीत. वाईट बातमी सुरुवातीलाच सांगून टाकायची, कारण ताटकळलेला माणूस जास्त चिडतो. चहा सभा संपल्यावर आणि शेजारच्या दालनात, म्हणजे लोक आपसूक उठतात. प्रश्न विचारणाऱ्याला एक मिनिट. आणि माईक त्याच्या हातात द्यायचा नाही, आपल्या माणसाने तोंडासमोर धरायचा.

"एकदा हातात गेला की सुटत नाही," तिने साउंडवाल्याला बजावलं. "मी बोट वर केलं की काढून घ्यायचा. गोड बोलून, पण काढून घ्यायचा."

सभेआधीच्या रविवारी ती दादाकडे जेवायला गेली. आई-वडिलांच्या मागे तिचं सगळं दादानेच केलं होतं. दादा बोलका. कुठलीही हकीकत मुळापासून सांगायची त्याची खोड. भाजी आणल्याचं सांगायचं, तरी तो घरातून निघताना कुठली चप्पल घातली तिथून सुरू करायचा. "तुमची गाडी मुक्कामाला पोचेस्तोवर भाजी शिजून होईल," असं वहिनी म्हणायची आणि सगळ्यात आधी दादाच हसायचा.

त्या दिवशी मात्र त्याने ताटावर बसताच थेट विचारलं, "चिमणे, आमच्या सभेचं काम तुझ्याकडे आहे म्हणे?"

"हो."

"काय ठरलंय गं आमचं?"

"मला कोण सांगतंय, दादा. मी खुर्च्या मांडणारी."

दादाने मान डोलावली. "तू आहेस ना तिथे, मग बरं," तो म्हणाला आणि तिच्या ताटात आणखी भात वाढायला वहिनीला सांगितलं. तो भात तिने तसाच ठेवला.

सभा वेळेवर सुरू झाली. संचालकांनी बातमी सांगितली. ती बाजूच्या भिंतीला पाठ लावून उभी होती. आता गलका होणार म्हणून तिने अंग आवळून घेतलं, पण कुणी ब्र काढला नाही. माणसं मांडीवर हात ठेवून बसून राहिली. इतकी शांत सभा तिनेही पाहिली नव्हती. एकदोघांनी विचारलं, उत्तरं मिळाली. मग मधल्या ओळीतून दादाने हात वर केला.

साउंडवाल्याने त्याच्यासमोर माईक धरला. दादाने घसा साफ केला. "मी कामाला लागलो, तेव्हा भट्टीवर नुसता पत्रा होता," तो म्हणाला. "पावसाळ्यात वरून पाणी आणि खालून आग. आमचे जुने मिस्त्री होते, ते भट्टीकडे बोट दाखवून म्हणायचे, ही बाई तहानलेली आहे, हिला प्यायला घालू नका…"

मिनिट झालं. साउंडवाल्याने तिच्याकडे पाहिलं. तिला मान दुसरीकडे वळवता आली असती. पण संचालकही बघत होते, आणि एकाला सवलत दिली की सभा हातातून जाते हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं होतं. तिचं बोट वर गेलं.

"काका, वेळ झाली हं," साउंडवाला गोड आवाजात म्हणाला आणि माईक पुढच्या ओळीकडे घेऊन गेला.

दादाचे ओठ थोडा वेळ हलत राहिले. मग ओळींवरून नजर फिरवत त्याने तिला शोधलं. ती दिसल्यावर तो खाली बसला. भट्टीवरचा एक जण उठला, दादाकडे एकवार बघून बाहेर निघून गेला. त्याच्यामागे आणखी काही गेले. चहा बराचसा उरला.

"तुमच्यासारखं काम कुणाला जमणार नाही," असं म्हणत संचालकांनी तिचा हात हातात घेतला.

संध्याकाळी ती दादाकडे गेली. दादा कुठेतरी बाहेर पडला होता. वहिनी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. तिने वर पाहिलं नाही.

"पोरं दगडफेक करणार होती," वहिनी म्हणाली. "कुणकुण लागलीच होती सगळ्यांना. ह्यांनी एकेकाच्या घरी जाऊन पाय धरले. म्हणाले, माझी बहीण सभा चालवतेय, ती आपल्याला बोलू देईल. सगळ्यांच्या वतीने मी बोलतो, तुम्ही गप्प बसा. म्हणून बसली गप्प."

तिने विचारलं, "काय बोलायचं होतं त्याला?"

"भट्टी विझवाल त्या दिवशी आम्हाला तिथे उभं राहू द्या. बायकामुलांना घेऊन. एवढंच मागायचं होतं."

तिने तिथूनच संचालकांना फोन लावला. एवढं तर ते देतील असं तिला वाटलं. संचालक म्हणाले, "अहो, भट्टी बंद झालीसुद्धा. सभा चालू असतानाच केली, बाहेरून माणसं आणून. सगळे तुमच्याकडे सभागृहात होते, तेवढीच वेळ मोकळी होती."

दादा आला तेव्हा ती दारातच उभी होती. तिने त्याला सगळं सांगितलं. आधीपासून ठाऊक होतं तेही आणि आत्ता कळलं तेही. दादा चपला काढत ऐकत होता.

"म्हणजे मी बोललो असतो, तरी उपयोग नव्हता," तो म्हणाला.

"नव्हता, दादा."

"तरी बोलू द्यायचं होतंस."

एवढं म्हणून तो आत हातपाय धुवायला गेला.

बहिणीशी संगनमत करून दादाने सगळ्यांना गप्प बसवलं, अशी बोलवा उठली. ज्यांच्याबरोबर उभा जन्म आगीसमोर काढला, ती माणसं त्याला बघून रस्ता ओलांडू लागली. ती स्वतः दोघातिघांच्या घरी गेली, दादाचा काही दोष नाही म्हणून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पाणीसुद्धा विचारलं नाही. पुढे दादा आणि वहिनी वहिनीच्या भावाच्या गावी राहायला गेली.

तिचं काम जोरात चालू आहे. आठवड्यातून एकदा ती दादाच्या घरी फोन करते. फोन वहिनीच उचलते. दादा बरा आहे, म्हणते.