शाली संपल्या

मावळ जनसंपर्क मंडळाची ख्याती एवढीच, की वर्षातून एकदा सगळे सभासद, म्हणजे इथल्या हॉटेल-कारखान्यांचे जनसंपर्क अधिकारी, एकमेकांना शाली पांघरत आणि त्याचे फोटो आपणच पेपरला पाठवत. त्यामुळे कामशेतला तांदळाच्या दुकानावरच्या माडीवर मंडळाच्या बैठकीसाठी जिना चढताना प्रतीक्षाला मदतीची फारशी आशा नव्हती. फार तर नारळ मिळाला असता.

सकाळी औंढे गावाजवळच्या रिसॉर्टची मैल्याची टाकी फुटून सगळी घाण ओढ्यात गेली होती. मासे उलटे तरंगत होते. मालक हौशीराम शेठनं आपल्या जनसंपर्क अधिकाऱ्याला, म्हणजे प्रतीक्षाला, केबिनमध्ये बोलावलं.

"पेपरवाल्यांना नोट धाड. मासं उन्हानं मेलं."

"शेठ, आषाढ चालू आहे. समोरचा डोंगर दिसेना झालाय."

"मग थंडीनं मेलं लिव. मासं काय साक्षीला येत्यात व्हय?"

"गावातल्या बाया त्याच ओढ्याचं पाणी भरतात. मी नाही लिहिणार."

शेठनं चहा बशीत ओतून फुंकर मारली. "सांच्यापतुर नोट न्हाई आली तर उद्या येऊ नगंस. तुझ्यासारखी लय माणसं हायेत लोणावळ्यात. एक फोन केला की नोट हजर."

तिला भीती वाटली ती याचीच, कारण ते खरं होतं. शेतात सगळे मिळून एकाची लावणी उरकतात, तशी इरजिकीची रीत या धंद्यातही होती. कुणी आजारी पडलं, कुणाच्या घरी लग्न निघालं, की दुसऱ्या हॉटेलातलं कुणीतरी त्याची नोट लिहून टाकायचं. काय, कशाची, विचारायचं नाही. प्रतीक्षानंही कधी न पाहिलेल्या स्विमिंग पुलांचं तोंडभरून कौतुक केलं होतं.

केबिनबाहेर येताच तिनं औंढे गावातल्या सरुबाईंना फोन लावला. "मावशी, ओढ्याचं पाणी भरू नका. आमच्याकडूनच घाण गेलीय. घरोघर सांगा."

"सांगते. आन् तुझी नोकरी गं?"

"बघते."

आता माडीवर तिनं हे सगळं सांगितलं. कारखान्याच्या धुराची आयुष्यभर तारीफ करून निवृत्त झालेले अध्यक्ष दत्तोबा म्हणाले, "म्हणजे तुझ्या जागी आता आपल्यातलंच कुणीतरी इरजिकीला जाणार."

जो तो आपापल्या फोनकडे बघू लागला. तेवढ्यात ज्योत्स्नाचा फोन वाजला. ती दुसऱ्या एका हॉटेलचं काम बघायची. तिनं स्पीकर लावला.

"ज्योत्स्नाताई, एक नोट पायजे. मासं मेलं. उन्हानं."

ज्योत्स्नानं खिडकीबाहेर पाहिलं. धुक्यात समोरचं स्टेशन गडप झालं होतं. "ती नोट प्रतीक्षाची आहे, शेठ. तिलाच विचारा."

मग विकासचा फोन वाजला. त्यानं याच शेठकडे नोकरी मागितली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"विकास, नोट दे, आजच कामाला लावतो."

विकासनं प्रतीक्षाकडे पाहिलं. प्रतीक्षा टेबलाकडे बघत राहिली.

"शेठ," तो म्हणाला, "ती नोट प्रतीक्षाताईंचीच."

मग टेबलाभोवती फोन ओळीनं वाजत गेले, नि प्रत्येकानं तेच सांगितलं. शेवटी दत्तोबांचा वाजला.

"हे मंडळ हाय का संप? शाली वाटा आन् गप ऱ्हावा की!"

"शाली संपल्या, शेठ," दत्तोबा म्हणाले आणि फोन ठेवला.

दिवेलागणीला शेठ स्वतः धापा टाकत जिना चढून आला. पत्रकार रिसॉर्टच्या फाटकाशी येऊन उभे, लिहिणारं कुणी नाही, म्हणून तो स्वतःच बोलला होता. एकाला ऊन सांगितलं, दुसऱ्याला थंडी. दोघे शेजारीशेजारी उभे होते.

"लिव बाई, काय ते तुझं खरं."

"आधी गावाला पिण्याच्या पाण्याचे टँकर. टाकीवर माणसं. मग नोट," प्रतीक्षा म्हणाली. "आणि उद्या मी कामावर येणार."

"आन् न्हाई म्हनलो तर?"

ज्योत्स्नानं आपला फोन बंद करून टेबलावर पालथा ठेवला. विकासनं ठेवला. मग सगळ्यांनीच.

शेठनं त्या पालथ्या फोनांकडे पाहिलं आणि खिशातून स्वतःचा काढला. "औंढ्याला टँकर धाड... आरं, आत्ताच्या आत्ता! आन् टाकीवर गवंडी." मग प्रतीक्षाकडे वळून म्हणाला, "ये सकाळी."

प्रतीक्षानं पेनाचं टोपण काढलं. "सांगा शेठ, मासे कशानं मेले?"

"टाकीनं," शेठ पुटपुटला.

"मोठ्यानं सांगा," दत्तोबा म्हणाले. "मागच्यांना ऐकू येत नाही."