पात्यावरची चिकटपट्टी

एकतिसाव्या वर्षी ओरेस्त पालामार विनिपेगच्या आइस हॉकी संघात दाखल झाला, तेव्हा त्याच्या डोक्यावर केस औषधालाही उरले नव्हते. खालच्या लीगमध्ये बसमधून हिंडून हाडं खिळखिळी झाल्यावर वरून बोलावणं आलं होतं. पण वरच्या लीगचा नियम कडक. सव्विशी उलटली की नवखेपण संपलं, मग तुम्ही तिथे एकही सामना खेळला नसलात तरी. नवख्यांचा करंडक हुकणार याचं ओरेस्तला काडीचंही दुःख नव्हतं. त्याला हवी होती फक्त एक फेरी. पहिल्या सामन्याआधी नवख्याला हेल्मेटशिवाय एकट्याला बर्फावर सोडतात, बाकीचे खेळाडू आत यायच्या बोगद्यात थांबतात. ती बघायला त्याचे वडील सस्कॅचेवानहून गाडी हाकत निघाले होते, ओरेस्तच्या आईनं केलेल्या पेरोह्यांचा, म्हणजे बटाटा भरलेल्या युक्रेनी उकडलेल्या करंज्यांचा, डबा शेजारच्या सीटवर ठेवून.

सामन्याच्या दिवशी सकाळी सरावाला, मागच्याच आठवड्यात संघात आलेला नवखा निक्लास बर्फावर पाय टाकताच सपशेल आडवा झाला. कुणीतरी त्याच्या स्केटच्या पात्यांना पारदर्शक चिकटपट्टी लावली होती. नवख्यांची ही थट्टा ठरलेलीच. सगळे हसत असताना ओरेस्तनं गुपचूप आपली पाती चाचपली. ती स्वच्छ होती, आणि तो मनातून खट्टू झाला.

सराव संपल्यावर बर्फावर विखुरलेल्या रबरी चकत्या, म्हणजे पक, गोळा करणं हेही नवख्यांचंच काम. ओरेस्त न सांगता निक्लासबरोबर वाकून पक वेचू लागला. कर्णधार ल्यूक गोतिए त्याच्यापेक्षा चार वर्षांनी लहान होता.

"राहू दे रे म्हातारबा," ल्यूक म्हणाला. "ही कामं करायचं वय राहिलंय का तुझं?"

"इथं अजून एकही मॅच खेळलो नाहीये मी."

"लीग तर तुला नवखा मानत नाही."

"ठाऊक आहे," ओरेस्त म्हणाला आणि पुढचा पक उचलला. ल्यूक निघून गेला. आता फेरी विसरावी, असं ओरेस्तनं ठरवून टाकलं.

संध्याकाळी बोगद्यात तो मुकाट्यानं रांगेच्या मधोमध उभा राहिला. ल्यूकनं त्याला दंडाला धरून पुढे आणलं, त्याचं हेल्मेट काढून घेतलं आणि पाठीवर थाप मारून बर्फाकडे ढकललं. पहिलं पाऊल टाकताच ओरेस्तचे दोन्ही पाय हवेत गेले आणि तो हजारो लोकांसमोर पाठीवर आपटला. बोगद्यात हशा पिकला. पात्यांकडे बघायच्या आतच त्याला सगळं उमगलं. तिथेच फतकल मारून त्यानं पट्ट्या सोलल्या, आणि त्याला इतका आनंद झाला की उठायचंही सुचेना. मग तो उठला आणि टक्कल चमकवत एकट्यानं आख्खी फेरी मारली. मागे एकही जण उतरला नाही.

सामना हरले. बाहेर गाडीत बसून बापलेक गार पेरोह्या खात होते.

"पडलास आणि वर हसत काय होतास?" वडिलांनी विचारलं. "कुणी पाडलं तुला?"

"सगळ्यांनी मिळून, टाटो," ओरेस्त म्हणाला, आणि डब्यातली आणखी एक पेरोही उचलली.