थामताईचं मी उलटं सांगितलं

ऐक गं हान्ह, मध्ये बोलू नकोस, फक्त ऐक. हात चालू ठेव, कालवं फोडत राहा, मुकादमीण बघतेय.

थामताई आठवते ना, शेडमधल्या त्या खिडकीपाशी बसायची, आपल्याच गावची, व्हिएतनामच्या कान थोची. ग्वांगसिकशी लग्न करून इथे कोरियात आली त्याला सहा वर्षं झाली. चार वर्षांची पोरगी आहे, बोरा. पण ताईचं इथे राहायचं कार्ड दरवेळी नवऱ्याच्या सहीवर. त्याने व्हिसाच्या ऑफिसात येऊन म्हणायचं, ही माझी बायको, मी हमी घेतो, तेव्हा कुठे पुढची मुदत मिळणार. सही नाही केली तर ताई विमानात आणि बोरा सासूकडे. म्हणून मुदत संपत आली की त्याला नुसता जोर चढायचा.

तर त्या सकाळी ऑफिसात जायचं होतं. ताई भात वाढता वाढता एवढंच म्हणाली, "या खेपेला कार्ड माझ्याकडे ठेवते." बास. त्याने दाराशी पडलेला रबरी बूट उचलला, आपण इथे घालतो तसलाच, ओला, जड, आणि सरळ तोंडावर. दोन दात गेले. मग केसाला धरून अंगणात ओढली, किमचीच्या रांजणांपाशी, आणि बरगड्यांत लाथा, स्वतःचा पाय दुखेपर्यंत. सासू बोराला सूप भरवत होती. म्हणते कशी, "अरे तोंडावर नको, आज ऑफिसात जायचंय."

हे सगळं मला ताईनेच सांगितलं, त्याच्या ट्रकमध्ये, आपल्या भाषेत, पुटपुटत. तिला कोरियन येतं ते बाजारापुरतं, म्हणून दुभाषी म्हणून मला घेतलेलं. तिने तोंडाला मास्क लावलेला, तो खालून लाल होत चाललेला. ग्वांगसिक मला म्हणाला, "दिएम, ती बोलेल तेवढंच सांगायचं. शहाणपणा नको." मी हो म्हटलं. खरंच तसंच करणार होते गं.

खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, फोटोशी चेहरा जुळवायचाय, मास्क काढा. ताईने काढला. बाईंचा हात शिक्क्यावरच थांबला.

"काय झालं?"

"कालवांच्या शेडमध्ये घसरून पडली," ग्वांगसिक म्हणाला.

"तुम्हाला नाही विचारलं."

ताई माझ्याकडे वळली. "दिएम, पडले म्हणून सांग. बोरा सासूपाशी आहे. तेवढंच सांग, तुझ्या पाया पडते."

मी तोंड उघडलं. पडली असंच म्हणणार होते. पण ती बोलली तेव्हा ओठातून रक्ताची तार गळून माझ्या बाहीवर पडली, आणि मी म्हणाले, "ती सांगतेय, नवऱ्याने बुटाने मारलं. नेहमीच मारतो."

पुढचं इतकं पटकन झालं. त्याने लोखंडी स्टूल उचललं आणि माझ्या खांद्यावर घातलं, हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. मी खाली. मग ताईचे केस धरून तिचं तोंड त्या काउंटरवर एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. शिक्क्यांची लाल शाई सांडली, रक्त कुठलं नि शाई कुठली कळेना. "माझ्या सहीवर जगतेस तू," असं ओरडत होता, आणि लोक आपापले नंबर धरून भिंतीला चिकटलेले. चार जण लागले त्याला ओढायला. ताईचा एक डोळा उघडेना, आणि उरलेल्या डोळ्याने ती त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

आता तो आत आहे. कॅमेऱ्यात सगळं होतं, डॉक्टरांचा दाखला मिळाला, दोष नवऱ्याचा म्हणून ताईला एक वर्षाचं कार्ड मिळालं. तिच्या एकटीच्या नावाने. कुणाच्या सहीशिवाय.

पण त्याच दुपारी पोलीस घरी पोचायच्या आत सासूने घराला कुलूप लावलं आणि बोराला घेऊन गेली. कुठे, कुणालाच ठाऊक नाही. नातेवाईक म्हणतात आम्हाला विचारू नका. वकीलबाई म्हणतात सापडेल, वेळ लागेल. दोन महिने झाले.

काल मी ताईला भेटायला गेले, मार खाल्लेल्या बायकांना ठेवतात त्या आसऱ्याच्या घरात. फणसाचे गरे नेलेले, डब्यातले का होईना. तिने पिशवी घेतली, खाली ठेवली, आणि माझ्या कानाखाली अशी मारली की त्या मोडक्या खांद्यापर्यंत कळ गेली. मग पुन्हा. मी हात वर केला नाही. "मी काय सांगायला सांगितलं होतं तुला?" म्हणाली. "मार मी खात होते ना? तुला कुणी विचारलं होतं?"

तिथल्या बाईंनी तिला आत नेलं. मी बसथांब्यावर आले, तोंड सुजलेलं, माणसं बघतायत.

पडली म्हणाले असते तर ती त्याच घरात परत गेली असती, बोरापाशी. कदाचित या थंडीत मेलीही असती. कदाचित नसती. तू सांग हान्ह, त्या खिडकीपाशी माझ्या जागी तू असतीस, तर काय सांगितलं असतंस?