बिनवासाचा गॅस

घुग्घुसच्या कोळसा खाणीत लहानू रामटेके एकतीस वर्षं फिटर होता. बंद पडलेला पंप त्याने खोलला की चालू झालाच म्हणून समजा. त्यामुळे डिसेंबरात थंडी वाढल्यावर सुनेसाठी गॅस गिझर आणला, तो कंपनीच्या माणसाची वाट न बघता त्याने स्वतःच न्हाणीघरात बसवला. गार वारा येऊ नये म्हणून झरोक्याला पुठ्ठाही ठोकला.

तिसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून पाणी दाराखालून वाहत अंगणात आलं. लहानूच्या बायकोने, मीराबाईने, सुनेला हाका मारल्या. "रिना! ओ रिना!" आतून फक्त नळाचा आवाज. मुलगा अश्विन धावत आला, त्याने लाथ मारून कडी तोडली. रिना भिंतीला टेकून बेशुद्ध पडली होती.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला. दुपारी ती बोलू लागली, तेव्हा कुठे मीराबाई स्टुलावर बसली.

"पण गॅसचा वास तर आलाच नाई," लहानू डॉक्टरांना म्हणाला.

"सिलिंडरच्या गॅसला वास असतो. बंद जागेत तो नीट जळला नाही, की दुसराच विषारी गॅस तयार होतो. त्याला वास नसतो."

घरी आल्या आल्या लहानूने छिन्नी काढली. "झरोका मोठा करतो. काम खतम."

मीराबाईने सिलिंडरचा रेग्युलेटर काढला आणि आपल्या पेटीत ठेवून कुलूप लावलं. "आता तुमी हात लावाचा नाई. कंपनीचा शिकलेला मेकॅनिक येईल."

"मले समजत नाई का? एकतीस वर्षं मशीन खोलून राह्यलो मी!"

"खाणीत कोणी बाहेरचा आला, तुमचा पंप खोलतो म्हणाला, तर खोलू द्याल?"

"काऊन देईन? त्याले परमिट पाह्यजे!"

बोलून झालं आणि त्याने छिन्नी खाली ठेवली. मग त्यानेच कंपनीला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी चंद्रपूरहून धनराज आला. दारं-खिडक्या उघडून त्याने रेग्युलेटर जोडला आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं. एका सांध्यावर बारीक बुडबुडे उठले.

"भाऊ, ही नळी पाण्याची आहे, गॅसची नाई. झरोका मोठा केला असता, तरी हे राह्यलंच असतं. गिझर बाहेरच्या भिंतीवर लावतो."

लहानू बुडबुड्यांकडे बघत राहिला. "धनराजभाऊ, आधी माह्यासंग चला. मागच्या गल्लीत हरिदासकडं मीच असाच बसवून देल्ला. नळी त्याच बंडलातली."

मीराबाईने फक्त चप्पल त्याच्यासमोर सरकवली.

हरिदासच्या दारात जाऊन लहानूने गिझर बंद ठेवायला सांगितलं, तर हरिदास हसला. "लहानूभाऊ, सालभर झालं, काई झालं नाई. आता बायको आंघोळीले जाऊन राह्यली, संध्याकाळी पाहू."

लहानू सरळ आत गेला. त्याने सिलिंडर बंद केला, पुन्हा एकदा फिरवून पाहिला, आणि न्हाणीघराच्या दारात खुर्ची टाकून बसला.

"मी चुकलो, हरिदास. माही सून काल मरता मरता वाचली. हा धनराज नीट करत नाई तोपर्यंत मी इथून उठत नाई. वहिनीले म्हणा, आज चुलीवर पाणी तापवा."

धनराजने पिशवीतून पाना काढला.