कळवणला नेलेलं पदक

बिलकिस अन्सारीने दोनशे मीटरचा राज्य विक्रम मोडला तेव्हा ती बावीस वर्षांची होती. मालेगावात तिच्या अब्बांनी, खाजाभाईंनी, यंत्रमागावरच्या सगळ्या कामगारांना पेढे वाटले. सात आठवड्यांनी लघवीच्या तपासणीचा अहवाल आला. त्यात बंदी असलेलं औषध सापडलं होतं. विक्रम रद्द झाला आणि चार वर्षांची बंदी लागली.

चौकशीत तिने सांगितलं, प्रोटीनच्या डब्यात भेसळ असणार. अब्बांनाही तेच सांगितलं. त्यांचा विश्वास बसला. भेटेल त्याला ते पोरीची बाजू समजावून सांगायचे, आणि ते तिला ऐकवेना. नाशिक रोडला एका कापड दुकानात ती नोकरीला लागली आणि घरी जाणं टाळू लागली.

त्या शर्यतीचं सुवर्णपदक परत करा, असं ॲथलेटिक्स संघटनेचं पत्र दोनदा येऊन गेलं. तिसऱ्या वर्षी ती पदक घेऊन संघटनेच्या कार्यालयात गेली. तिथले गोटीराम म्हणाले, "ठेवून जा. दुसऱ्या आलेल्या मुलीला पाठवून देऊ. कळवणकडची आहे ती."

"चांगुणा ना? मीच नेऊन देते, सर."

गोटीरामांनी पावतीचा कागद पुढे सरकवला. "यावर तिची सही आणा."

कळवणजवळच्या गावात चांगुणा कांदा साठवायच्या चाळीत सापडली. आई चिमणाबाईसोबत ती सडका कांदा बाजूला काढत होती. बिलकिसला तिने लगेच ओळखलं, पण पदक हातात घेतलं नाही.

"पहिली आले असते तर खेळाडू म्हणून पोलिसात लागले असते," ती म्हणाली. "दुसरी आले. बापानं खेळाचं हॉस्टेल सोडवलं." मग म्हणाली, "पेपरात आलं व्हतं, तुला कुणीतरी फसवलं म्हणून."

बिलकिसला नुसती मान हलवता आली असती.

"नाही. गोळ्या मीच घेत होते. पाच महिने. कशाच्या आहेत ते माहीत होतं."

चिमणाबाई उठून घरात गेली. चांगुणा कांदे निवडत राहिली. मग तिने विचारलं, "गोळ्यांच्या आधी तुझं टायमिंग किती व्हतं?"

"चोवीस पॉइंट सहा सेकंद. त्याच्या खाली कधी आलंच नाही."

"मी त्या दिवशी चोवीस तीन पळाले."

"माहीत आहे. म्हणून तर मी स्वतः आले. माफ कर मला."

चांगुणाचे हात थांबले. "तीन वर्षं मला वाटत व्हतं, आपल्यातच कमी हाय," ती हळूच म्हणाली. तिने साडीला हात पुसले, पदक घेतलं, कागदावर सही केली. "माफीचं बघू. आता जेवून जा. आई भाकरी टाकतीय."

तिथून बिलकिस नाशिकला न जाता मालेगावला गेली आणि अब्बांना सगळं खरं सांगितलं. दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा पिताना त्यांनी विचारलं, "बंदी कधी संपते?"

"फेब्रुवारीत."

"एकटीने पळायला तर मनाई नाही ना?"

नव्हती. ती पहाटे एकटी पळू लागली. तिकडे चांगुणानेही जुने बूट शिवून आणले.

बंदी संपल्यावर नाशिकला जिल्ह्याची निवड स्पर्धा झाली. चांगुणा पहिली आली, चोवीस चार. बिलकिस चौथी, पंचवीस शून्य. कठड्याशी उभी असलेली काही माणसं तिचं नाव घेऊन कुजबुजली. अब्बा त्यांच्या शेजारीच उभे होते. त्यांनी फोन काढला आणि घरी तिची वेळ कळवली.

धाप ओसरल्यावर चांगुणा तिच्याजवळ येऊन बसली.

"तू सुटतेस लय जोरात," ती म्हणाली, "पण वळणावर ढिली पडतेस. मला सुटायला शिकव. वळणाचं मी दाखवते."

दोघींनी सोमवार ठरवला. त्या दिवशी बिलकिस काम करते ते कापड दुकान बंद असतं.