गूळतुला

उचगावच्या भाऊसोंचा डॉक्टरांपेक्षा काट्यावर जास्त भरवसा. सारा जन्म मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांचं, म्हणजे ढेपांचं, वजन करण्यात गेलेला. त्यामुळे त्यांच्या नातीचं, संघप्रियाचं, वजन वाढायला लागलं तसा त्यांनी निकाल देऊन टाकला की पोरगी ठणठणीत बरी झाली.

बरी झाली असं डॉक्टरांनीही सांगितलंच होतं. रक्ताचा कॅन्सर होता. बापाच्या, प्रसेनजीतच्या, मूळ पेशी तिला चढवल्या आणि हळूहळू रक्त शुद्ध झालं. फक्त घरी सोडताना डॉक्टर आदितींनी एक पुस्ती जोडली होती. पेशी चढवण्याआधी जी जबर औषधं दिलीत, ती कधीकधी पुढं जाऊन हृदयाला बाधतात. तेव्हा दर सहा महिन्यांनी हृदयाची इको तपासणी चुकवू नका.

"हिरीतलं पाणी नासलं हुतं, ते बदललं," भाऊसो म्हणाले. "आता चांगली चालती मोटर कशाला खोलायची?"

मोटर खोलण्याऐवजी त्यांनी खुराक सुरू केला. तरुणपणी शिवाजी पेठेतल्या तालमीत चार दिवस माती अंगाला लावली होती, तेवढ्या भांडवलावर ते खुराकाचे जाणकार झाले होते. म्हशीचं आटीव दूध, बदाम, मटणाचं आळणी सूप. रोज सकाळी पोरगी काट्यावर. गाल वर आले, तर भाऊसो म्हणाले, अंग धरलं. चपलेचा पट्टा बसेना, तर म्हणाले, हाडपेर थोराड हाय, माझ्यावर गेलीया. खेळायचं सोडून ती कट्ट्यावर बसून राहायला लागली, तर म्हणाले, शहाणी झाली. झोपताना तिला तीन उशा लागू लागल्या, त्याचं नाव लाड. जीव होता हो म्हाताऱ्याचा तिच्यावर! नसता, तर इतकं आंधळं होणं जमलं नसतं.

इकोची तारीख आली आणि भाऊसोंनी नेमकी त्याच आठवड्यात नातीची गूळतुला जाहीर केली. तिच्या भारंभार गूळ साऱ्या गल्लीत वाटायचा.

"मामा, आधी इको करून येऊया," सून अनुजा म्हणाली.

"म्हैन्यावर गूळतुला आली, तयारीला सवड न्हाय. डाक्टरची तारीख फुडं ढकलता येती. मांडव न्हाय ढकलता येत."

लेकीसाठी प्रसेनजीतनं हाडातला मगज काढून दिला होता, पण बापापुढं तोंड उघडणं त्याच्या ताकदीबाहेरचं होतं. इकोची तारीख तुलेनंतर ढकलली गेली.

महिन्याभरानं, रविवारी, मांडवात तराजू टांगला. एका पारड्यात नवा फ्रॉक घातलेली संघप्रिया, दुसऱ्यात गूळ. भाऊसोंनी महिन्यापूर्वीच्या वजनानं आणून ठेवलेला गूळ कमी पडला, पारडं हलेना. टाळ्या पडल्या. आणखी एक ढेप चढवली, तरी हलेना. "आजा वस्ताद हाय बघा!" शेजारच्या आक्काताई ओरडल्या, आणि भाऊसोंची छाती इतकी फुगली की सदऱ्याचं बटण ताणलं.

अनुजा तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. पारड्यातून उतरताना पोरीला धाप लागली होती आणि ओठ काळेनिळे पडले होते. तिनं कुणाला काही विचारलं नाही. तशीच लेकीला उचलून रिक्षात घातली. भाऊसो मागोमाग धावले आणि रिक्षात बसले, डॉक्टरीणबाईंना द्यायला काखेत एक ढेप घेऊन.

आदितींनी संघप्रियाच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला.

"हे अंग धरलेलं न्हवं?" भाऊसोंनी विचारलं.

"पाणी आहे, आजोबा. हृदय दमलंय, रक्त पुढं ढकलायला कमी पडतंय. म्हणून पाणी अंगात साठलंय."

ओला गूळ काट्यावर जड भरतो, त्या वजनावर जाऊ नये, हे अर्ध्या मार्केट यार्डाला भाऊसोंनीच शिकवलं होतं. काखेतली ढेप कुठं ठेवावी ते त्यांना कळेना.

"पोरगी वाचंल न्हवं?"

"औषधं लगेच सुरू करते. हृदय किती सावरेल ते आज सांगता येणार नाही. ठरल्या तारखेला आला असता, तर..." आदितींनी वाक्य सोडून दिलं आणि त्या पोरीकडं वळल्या. "दम कधीपासून लागतोय, बाळ?"

संघप्रियानं आजोबांकडं पाहिलं.

"माझ्याकडं काय बघतीस? बाईस्नी खरं सांग," भाऊसो म्हणाले.

"दिवाळीपासनं."

"दिवाळीपासनं? चार म्हैनं झालं, आणि बोलली न्हाईस कशी गं?"

"तुमी साऱ्या गावाला सांगत हुता की, आबा, मी बरी झाली म्हणून," ती धापा टाकत म्हणाली. "मी बोलले असते तर तुमी खोटं पडला असता."